उपकरप्राप्त इमारतीतील भाडेकरूंचे हक्क आणि जबाबदाऱ्या: नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे

मुंबई शहराच्या जुन्या भागात, कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत, पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला मोठी रक्कम देऊन कायमच्या भाड्याने घेतलेल्या, घरांत राहणाऱ्या कुटुंबांचा संबंध एकाच वेळी तिघांशी येतो. घर खासगी मालकाचे असते, भाडे राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्याने बांधलेले असते आणि इमारतीच्या सांगाड्याची दुरुस्ती म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे असते. त्यामुळे छत गळू लागले, भाडे नाकारले गेले किंवा जिन्याला टेकू लागले की नेमके कोणाकडे जायचे, याबद्दल भाडेकरूंच्या मनात गोंधळ असतो. या गोंधळात हक्क बुडण्याचे प्रकार फार होतात. कायद्याने भाडेकरूला दिलेले संरक्षण भक्कम आहे, परंतु कागदपत्रे वेळच्या वेळी नीट ठेवणाऱ्यालाच त्याचा पुरता उपयोग होतो, हे आरंभीच सांगितले पाहिजे.

आमची इमारत उपकरप्राप्त आहे की नाही, हे कसे ओळखावे?

इमारतींची पडझड वाढल्यामुळे १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचनेचा स्वतंत्र कायदा झाला आणि पुढे १९७६ च्या म्हाडा कायद्याच्या आठव्या प्रकरणात ही व्यवस्था सामावून घेण्यात आली. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या आणि दुरुस्ती उपकर (दुरुस्तीसाठी मालमत्ता करासोबत घेतला जाणारा जादा कर) लागू असलेल्या शहर भागातील इमारतींना उपकरप्राप्त म्हणतात. त्यांचे तीन वर्ग आहेत: १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तेव्हापासून ३१ डिसेंबर १९५० पर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि त्यानंतर ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात मोडतात. महापालिकेच्या मालमत्ता कराच्या देयकात दुरुस्ती उपकराची नोंद असते. हे देयक मालकाच्या नावाने येत असले, तरी त्याची प्रत मिळवून सर्व भाडेकरूंनी जवळ ठेवावी. उपनगरांतील जुन्या इमारती या योजनेत येत नाहीत. तेथील भाडेकरूंना भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते, मात्र दुरुस्ती मंडळाकडे जाता येत नाही.

मालक भाडे घेत नाही किंवा पावती देत नाही. काय करावे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्याकडेच सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ३१ नुसार मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक असून, पावती न देणे हा दंडनीय अपराध आहे. कलम १५ नुसार, जोपर्यंत भाडेकरू प्रमाण भाडे (कायद्याप्रमाणे ठरलेले भाडे) आणि अनुज्ञेय वाढ (कायद्याने मान्य केलेली वाढ) देत आहे, किंवा देण्यास तयार व राजी आहे, आणि भाडेपट्ट्याच्या इतर अटी पाळत आहे, तोपर्यंत मालकाला जागेचा ताबा मागता येत नाही. कायद्याने विहित केलेली विशिष्ट कारणे असल्यास गोष्ट वेगळी, आणि ती कारणे पुढे येतीलच.

‘देण्यास तयार व राजी’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. मालकाने भाडे नाकारले म्हणून स्वस्थ बसणाऱ्या भाडेकरूला आपली तयारी पुढे न्यायालयात सिद्ध करता येत नाही. भाडे नाकारले गेल्यास ते मनीऑर्डरने किंवा धनादेशाने पाठवावे, सोबत कोणत्या महिन्यांचे भाडे आहे हे नमूद करणारे पत्र पोचपावतीसह टपालाने द्यावे आणि ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलेले पाकीट न फोडता जपून ठेवावे. नाकारलेल्या भाड्याची रक्कम वेगळ्या बचत खात्यात साठवत गेल्यास पुढे एकदम भरण्याची वेळ आली तरी अडचण होत नाही.

थकबाकी झालीच, तर लगेच घर जाते असे नाही. मालकाला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटल्याखेरीज भाडे थकल्याच्या कारणावरून दावा लावता येत नाही. दावा लागल्यानंतरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत संपूर्ण थकबाकी १५ टक्के सरळव्याजासह न्यायालयात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि दावा निकाली निघेपर्यंत भाडे नियमितपणे भरत राहिले, तर त्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. ही मुदत चुकवू नये. समन्स हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी लिहून ठेवावी आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटावे.

भाडे किती वाढवता येते?

कलम ११ नुसार, हा कायदा लागू झाल्यापासून मालकाला भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढ करता येते. ती अनेक मालक वर्षानुवर्षे घेत नाहीत आणि मग एकदम हिशेब काढून मोठी रक्कम मागतात. अशी मागणी आली, तर लेखी तपशील मागावा, महिनावार पडताळावा आणि योग्य तेवढे भाडे देण्याची तयारी लेखी कळवावी. मालमत्ता कर आणि उपकर वाढल्यास त्याचा भारही ठरावीक मर्यादेत भाडेकरूंवर पडतो. मंडळाने दुरुस्ती केल्यानंतर उपकराचा दर वाढतो, हेही माहीत असावे. मागितलेले भाडे अवाजवी वाटल्यास प्रमाण भाडे ठरवून देण्यासाठी लघुवाद न्यायालयाकडे अर्ज करता येतो.

आई-वडील गेल्यावर घर कोणाच्या नावावर होते?

कायद्यातील भाडेकरूच्या व्याख्येनुसार, राहत्या घराच्या बाबतीत मूळ भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातील व्यक्ती भाडेकरू ठरते, आणि असे कोणी नसेल तरच वारसाचा विचार होतो. एकाहून अधिक दावेदार असतील आणि त्यांच्यात एकमत नसेल, तर न्यायालय निर्णय देते. याचा अर्थ असा की, मालकीच्या घरात सर्व मुलांना जसा वाटा मिळतो, तसा भाडेहक्कात आपोआप मिळत नाही. वडिलांसोबत अखेरपर्यंत राहिलेली मुलगी आणि वीस वर्षांपूर्वी वेगळे घर केलेला मुलगा यांची स्थिती सारखी नसते. मृत्युपत्राने भाडेहक्क दुसऱ्या कोणाला देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई भाडे कायद्याच्या संदर्भात १९९४ मध्येच स्पष्ट केले आहे. तरीही केवळ मृत्युपत्राच्या भरवशावर राहणारी कुटुंबे आजही आढळतात.

म्हणून मूळ भाडेकरूच्या निधनानंतर लवकरात लवकर सर्व भावंडांनी एकत्र बसून पावती कोणाच्या नावावर करायची हे ठरवावे, इतरांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र घ्यावे आणि मृत्यूचा दाखला जोडून मालकाकडे लेखी अर्ज करावा. सोबत राहत असल्याचा पुरावा म्हणून शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव, आधार कार्डावरील पत्ता, वीज देयक आणि मुलांच्या शाळेतील नोंदी उपयोगी पडतात. मालकाने नाव बदलून दिले नाही, तरी अर्जाची पोचपावती आणि नियमित भाडे हे दोन्ही पुरावे तुमच्या बाजूने राहतात. पावती आजोबांच्या नावावर, वीज देयक काकांच्या नावावर आणि राहणारा नातू, अशी स्थिती पुनर्विकासाच्या वेळी उघडी पडते आणि तोपर्यंत पुरावे गोळा करणे कठीण होऊन बसते.

दुरुस्ती कोणाची जबाबदारी?

येथे तीन पातळ्या वेगळ्या करून पाहाव्या लागतात. इमारतीचा सांगाडा, म्हणजे भार वाहणाऱ्या भिंती, खांब, तुळया, जमिनी, जिने, छप्पर आणि गळती लागलेली सामाईक न्हाणीघरे व शौचालये यांची संरचनात्मक दुरुस्ती मंडळ करते, आणि उपकर त्यासाठीच घेतला जातो. नित्याची देखभाल, पाण्याची टाकी, पंप, सामाईक दिवे आणि स्वच्छता मालकाकडे असते, कारण कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. खोलीच्या आतील रंग, लाद्या, विजेची जोडणी आणि नळ यांचा खर्च सामान्यतः भाडेकरू करतो.

मालक देखभाल करत नसेल, तर कलम १४ मधील एक तरतूद फारशी वापरली जात नाही, ती वापरावी. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही मालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः किंवा एकत्र येऊन ती करू शकतात आणि झालेला खर्च भाड्यातून वजा करू शकतात. एका वर्षात वजा होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. जुनी भाडी अल्प असल्यामुळे एकट्याने ही वजावट घेऊन फारसे भागत नाही. सर्व भाडेकरूंनी मिळून टाकीची किंवा मोरीची दुरुस्ती केली, तर मात्र तिचा खरा उपयोग होतो. नोटिशीची प्रत, कामापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे आणि कारागिरांची देयके जपावीत.

मंडळाकडे तक्रार करताना ‘इमारत खराब झाली आहे’ एवढे लिहिणे पुरेसे नसते. कोणत्या मजल्यावर, कोणत्या खोलीजवळ, कशाला तडा गेला आहे, गळती किती काळापासून आहे, कुठे लोखंडी सळया उघड्या पडल्या आहेत, हे छायाचित्रांसह लिहून अर्ज विभागीय कार्यालयात द्यावा, आवक क्रमांक घ्यावा आणि त्यावर शक्य तितक्या भाडेकरूंच्या सह्या असाव्यात. दुरुस्तीच्या खर्चाला प्रति चौरस मीटर कमाल मर्यादा आहे. खर्च त्यापलीकडे जात असेल, तर वरची रक्कम उभी करण्याचा किंवा इमारत दुरुस्तीपलीकडची ठरवून पुनर्रचना करण्याचा प्रश्न येतो. दुरुस्ती सुरू झाल्यावर टेकू लावण्यासाठी खोली रिकामी करून द्यावी लागली, तर अडवणूक करू नये. एका कुटुंबाच्या विरोधामुळे संपूर्ण जिन्याचे काम थांबते आणि त्याचा धोका सर्वांना असतो.

भाडेकरूने कोणत्या गोष्टी टाळाव्यात?

मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम करणे, जागा पोटभाड्याने देणे किंवा तिसऱ्याला सोपवणे, शेजाऱ्यांना सतत उपद्रव देणे, जागेचा वापर बदलणे आणि योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने घर न वापरणे ही कलम १६ मधील अशी कारणे आहेत, ज्यांच्या आधारे न्यायालय ताब्याचा हुकूम देऊ शकते. लाकडी विभाजक, स्वयंपाकाचा ओटा, वायुवीजनासाठी आवश्यक खिडकी, खोटे छत किंवा वातानुकूलन यंत्र बसवणे हे कायमस्वरूपी बांधकाम मानले जात नाही, मात्र आवश्यक तेथे महापालिकेची परवानगी असावी. विटांच्या भिंती, काँक्रीटचे पोटमाळे आणि जड पाण्याच्या टाक्या यांबाबतीत कायद्यापेक्षाही सुरक्षिततेचा प्रश्न मोठा आहे. ऐंशी वर्षांच्या लाकडी तुळयांवर हा भार टाकणे म्हणजे खालच्या मजल्यावरील माणसांचा जीव धोक्यात घालणे होय, आणि त्यात कोणतीही सबब मान्य होऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

नोकरीसाठी परगावी किंवा उपनगरात राहायला गेलेल्यांनी बंद घराबाबत सावध राहावे. वीज देयक महिनोन्‌महिने शून्य वापराचे येत असेल, तर तेच देयक मालकाच्या बाजूचा पुरावा ठरते. आजारपणासारखे योग्य कारण असेल, तर त्याची कागदपत्रे ठेवावीत.

पागडीचे घर दुसऱ्याला द्यायचे असल्यास कलम ५६ मुळे त्याचा मोबदला घेणे आता बेकायदेशीर राहिलेले नाही, परंतु मालकाची लेखी संमती आवश्यक आहे आणि मालक रूढीप्रमाणे त्यात आपला हिस्सा घेतो. संमतीशिवाय केवळ मुखत्यारपत्र किंवा साध्या कागदावरील करार करून घर घेणाऱ्याचा पैसा आणि घर दोन्ही जाऊ शकतात. नवा भाडेकरार कलम ५५ नुसार नोंदणीकृत असला पाहिजे.

पाणी किंवा वीज तोडली तर?

कलम २९ नुसार, मालकाला योग्य कारणाशिवाय पाणी, वीज, जिन्यातील दिवे, उद्वाहन (लिफ्ट) किंवा सफाई यांसारखी अत्यावश्यक सेवा तोडता किंवा रोखता येत नाही. असे झाल्यास भाडेकरू थेट न्यायालयाकडे अर्ज करून ती पूर्ववत करण्याचा आदेश मागू शकतो, शिवाय हा शिक्षापात्र गुन्हाही आहे. मालकालाही काही हक्क आहेत: आगाऊ सूचना देऊन, योग्य वेळी त्याला जागेची पाहणी करता येते आणि ती करू देणे भाडेकरूचे कर्तव्य आहे.

इमारत धोकादायक ठरली, तर घर सोडल्यावर हक्क जातो का?

या भीतीपोटी माणसे कोसळू पाहणाऱ्या घरांत राहतात, म्हणून याचे उत्तर अगदी स्पष्ट असायला हवे: इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हेच सांगितले आहे. जमीन शिल्लक असते आणि भाडेकरूचा हक्क तिच्याशीही जोडलेला असतो. मंडळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी सर्वेक्षण करून अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. महापालिका आपल्या अधिकारातील इमारतींचे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ खाली वर्गीकरण करते, आणि त्यातील ‘सी-१’ म्हणजे तातडीने रिकामी करून पाडावयाची इमारत. मालकाने केलेल्या आणि भाडेकरूंनी केलेल्या संरचनात्मक परीक्षणांचे निष्कर्ष भिन्न आले, तर प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे जाते. त्यामुळे नोटीस संशयास्पद वाटली, तर आपल्या खर्चाने परीक्षण करून घेण्याचा मार्ग मोकळा असतो. मात्र इमारत खरोखरच धोकादायक असल्याचे अभियंत्याने सांगितले, तर वेळ दवडू नये.

घर सोडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे चटई क्षेत्र (भिंतींच्या आतील वापराची जागा) मोजून त्याची नोंद घेतली जाते. त्या वेळी स्वतः हजर राहावे, पोटमाळा व बाल्कनी यांची नोंद कशी केली आहे ते पाहावे आणि प्रत मागून घ्यावी. खोलीचे व इमारतीचे चित्रीकरण करून ठेवावे. जागा रिकामी करण्याची नोटीस, जागा सोडल्याची नोंद आणि त्या महिन्याचे वीज देयक हे तीन कागद पुढच्या कित्येक वर्षांच्या लढ्याचा पाया असतात.

संक्रमण शिबिरात गेल्यावर काय काळजी घ्यावी?

इमारत रिकामी झाल्यावर मंडळ संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवासाच्या वसाहतीत, गाळा वाटप पत्राने देते. शिबिरातील गाळा विकणे, भाड्याने देणे किंवा दुसऱ्याच्या ताब्यात देणे हे पूर्णपणे बेकायदेशीर आहे आणि त्यामुळे मूळ घराचा हक्कही अडचणीत येतो. शिबिराचे भाडे नियमित भरावे. ज्यांच्या मूळ इमारतींची जागा अरुंद असल्यामुळे, आरक्षणामुळे किंवा रस्तारुंदीमुळे पुन्हा इमारत होणे शक्य नाही, त्यांची नोंद बृहतसूचीत होते आणि उपलब्ध सदनिकांमधून त्यांना घर दिले जाते. बृहतसूचीसाठी जाहीर होणारी आवाहने वर्तमानपत्रांत आणि म्हाडाच्या संकेतस्थळावर पाहत राहावे. मूळ भाडेकरूचे शिबिरात निधन झाले, तर वारसाची नोंद तेव्हाच करून घ्यावी.

पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी काय पाहावे?

विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) या तरतुदीनुसार उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर मालकी हक्काने, विनामूल्य मिळते. जुने घर त्याहून मोठे असेल, तर ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत तेवढे क्षेत्र मिळते. म्हणूनच आधी सांगितलेले मोजमाप महत्त्वाचे ठरते. पात्र भाडेकरूंची यादी मंडळ प्रमाणित करते आणि १३ जून १९९६ नंतर नव्याने निर्माण केलेले भाडेहक्क तीत धरले जात नाहीत. एका खोलीच्या कागदोपत्री दोन खोल्या दाखवण्याच्या सल्ल्याला कोणी बळी पडू नये. शहर भागात किमान ४,००० चौरस मीटर भूखंड एकत्र आल्यास ३३(९) खाली समूह पुनर्विकासही करता येतो.

संमतीपत्र ही साधी सही नव्हे. त्यापूर्वी विकासकाचे आधीचे पूर्ण झालेले प्रकल्प प्रत्यक्ष जाऊन पाहावेत, तेथील जुन्या भाडेकरूंना भाडे वेळेवर मिळाले का ते विचारावे आणि मगच ठरवावे. घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूशी स्वतंत्र, नोंदणीकृत करारनामा झाला पाहिजे. त्यात नव्या घराचे चटई क्षेत्र, मजला, काम पूर्ण होण्याची मुदत, पर्यायी घर किंवा त्याचे भाडे, त्या भाड्यातील वार्षिक वाढ, आगाऊ धनादेश आणि देखभालीसाठीचा कायम निधी यांचा स्पष्ट उल्लेख हवा. ‘करार नंतर करू’ असे सांगून आधी घर रिकामे करायला लावणाऱ्याला ठाम नकार द्यावा. दुसरीकडे, आवश्यक संमती आणि मंडळाचे ना हरकत प्रमाणपत्र मिळाल्यानंतर, पर्यायी निवासाची सोय उपलब्ध असताना, एखाद्याने केवळ अधिक लाभासाठी घर अडवले, तर म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली त्याला निष्कासित करता येते. असमाधान असेल, तर ते संमतीच्या टप्प्यावर लेखी नोंदवावे.

मदत कोठे मिळेल?

भाडे, ताबा आणि अत्यावश्यक सेवा यांविषयीचे वाद मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. त्याचे मुख्य कार्यालय धोबी तलावाजवळ असून वांद्रे येथेही शाखा आहे. दुरुस्ती, संक्रमण शिबिर, पात्रता यादी आणि ना हरकत प्रमाणपत्र यांविषयी मंडळाच्या विभागीय कार्यालयात किंवा वांद्रे पूर्व येथील गृहनिर्माण भवनात अर्ज करावा. पात्रता यादीची, मोजमापाची किंवा ना हरकत प्रमाणपत्रातील अटींची प्रत मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून ती मागता येते आणि ३० दिवसांत उत्तर देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक असते. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि अल्प उत्पन्नाच्या व्यक्तींना विधि सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तेथे जाताना पहिली उपलब्ध भाडेपावती, अलीकडची पावती, वीज देयक, आलेल्या सर्व नोटिसा आणि त्या मिळाल्याच्या तारखांची यादी सोबत न्यावी.